नाना कुठाय?

लाडक्या बाळा,

आजी बातम्या बघताना मधेच "हा घाशीराम झाला, नाना कुठाय?" असं का म्हणते, आणि मराठी माणसं राजकारणावर बोलताना सारखी नाटक-कविता का काढतात, असं तू काल विचारलंस. इथून फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय.

'घाशीराम कोतवाल' हे विजय तेंडुलकरांचं १९७२ सालचं नाटक. त्यात नाना फडणवीस घाशीरामाच्या मुलीच्या बदल्यात त्याला पुण्याचा कोतवाल करतो. कोतवाल माजतो, लोकांना छळतो. लोक खवळले की नाना त्यालाच जमावाच्या हवाली करतो नि स्वतः नामानिराळा राहतो.

मी दहावीत असताना आजीने मला ते दादरला दाखवलं. त्यात पडदा माणसांचाच. शेंडीवाल्या ब्राह्मणांची रांग डोलत गाते. पाठ फिरवून उभी राहिली की मागचं काही दिसत नाही. आजी कानाशी येऊन म्हणाली, "गाणं ऐक, पण लक्ष रांगेच्या मागे ठेव." अजूनही कुणी बडा अधिकारी पकडला गेला, लोक पेढे वाटायला लागले, की मी आधी विचारते, याला खुर्चीवर बसवलं कोणी? मात्र दिसेल त्याला घाशीराम म्हणायचं नाही. आजीही कधीकधी घाई करते, ते मला पटत नाही. नाटकातून प्रश्न मिळतो, पुरावा शोधावाच लागतो.

आणि कविता म्हणशील तर अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ऐक. पोटासाठी मुंबईत आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. आपल्याला वाटतं, प्रेमाचं गाणं. पुढे तीच ताटातूट महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव, कारवार, डांगची होते. गिरणगावातल्या खोलीत दहाजणांत झोपणाऱ्याला नकाशा समजावायला भाषण लागलं नाही, त्याची स्वतःची मैना गावाकडेच होती. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, बेळगाव बाहेरच राहिलं. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तू पेपरात 'सीमाप्रश्न' वाचतेस तो हाच.

आजीचं माहेर बेळगावचं. आज जेवणं झाली की तिला मैना म्हणायला लाव. बेळगावपाशी तिचा आवाज बसतो. तिथून पुढचं तू म्हण. माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत माझी जुनी वही आहे, तिच्यात सगळं उतरवलेलं आहे.

तुझी,
आई