कॅनडाचा पीआर नाकारला, परमिटचे पाच महिने उरलेत: आता काय?

प्रश्न थोडक्यात असा: कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासमधला (कॅनडातल्या कामाच्या अनुभवावरचा) पीआरचा, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याचा अर्ज फेटाळला, कारण एक्सपीरियन्स लेटरमध्ये नेमकं काम काय केलं ते नव्हतं. पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटचे (पीजीडब्ल्यूपी, कॅनडात शिकल्यावर मिळणारं कामाचं परमिट) पाच महिने शिल्लक आहेत. सामान आवरायला घ्यायचं का?

इतक्यात नाही. पीआर नाकारल्याने वर्क परमिट आपोआप रद्द होत नाही. परमिटवर छापलेल्या तारखेपर्यंत तुम्ही राहू शकता आणि कामही करू शकता. फक्त नकाराच्या पत्रात इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० चा, म्हणजे चुकीची माहिती दिल्याचा उल्लेख नाही ना, ते आधी बघा. असेल तर ५ वर्षांच्या बंदीचा मामला आहे. पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी इमिग्रेशनचा वकील गाठा.

आता मुदत. फेडरल कोर्टात निर्णयाला आव्हान द्यायचं तर कॅनडात घेतलेल्या निर्णयासाठी फक्त १५ दिवस मिळतात, निर्णय कळवल्यापासून. कोर्टाची फी ५० डॉलर, खरा खर्च वकिलाचा. आधी न्यायाधीश परवानगी देतात, मगच सुनावणी. कोर्ट तुम्हाला पीआर देत नाही. अधिकाऱ्याचा निर्णय त्याच्यासमोरच्या कागदांवरून तर्काला धरून होता का, एवढंच तपासतं. जिंकलात तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: कामाची यादी अपलोड केलेल्या कागदांत कुठेतरी होती का? होती आणि अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटली, तर केसमध्ये दम आहे. नव्हतीच, तर आता नवीन लेटर आणून कोर्टात उपयोग नाही.

फेरविचाराची विनंती वेबफॉर्मवरून फुकट करता येते. कोणत्या फाइलच्या कोणत्या पानावर माहिती आहे ते लिहा, भावनिक मजकूर नको. पण त्या विनंतीमुळे १५ दिवसांचं घड्याळ थांबत नाही. जीसीएमएस नोट्सचंही (तुमच्या फाइलवरच्या अधिकाऱ्याच्या नोंदी) तेच: ५ डॉलरमध्ये मागवता येतात, पण उत्तर द्यायला सरकारला कायद्यानेच ३० दिवस आहेत. नोट्स येऊ दे मग ठरवू म्हणणाऱ्यांची कोर्टाची मुदत हमखास हुकते.

लेटर खरंच अपुरं असेल तर माझ्या मते कोर्टात पैसे घालण्यापेक्षा एक्सप्रेस एंट्रीत (गुणांवर निमंत्रण देणारी ऑनलाइन पद्धत) नवीन प्रोफाइल काढून पुन्हा अर्ज करा. लेटर कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि कामं, शिवाय सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा. कामांची यादी एनओसीच्या (कॅनडा सरकारची व्यवसायांची यादी) पानावरून जशीच्या तशी उतरवलेली नको. तसं लेटर संशयच वाढवतं. एचआर कामं लिहून द्यायला तयार नसेल तर कॉन्ट्रॅक्ट, पे स्टब (पगाराच्या पावत्या), टी४ (वर्षाच्या पगाराची कराची स्लिप) आणि मॅनेजरचं पत्र जोडा आणि कारण खुलाशात मांडा. भाषेच्या परीक्षेची २ वर्षांची मुदत संपत नाही ना, तेही बघा. तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी घटतात आणि जॉब ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले, त्यामुळे जुना स्कोअर गृहीत धरू नका. पीआर हक्काची फी परत मिळते, प्रोसेसिंग फी गेली.

पाच महिन्यांत नवीन निमंत्रण आलं आणि अर्जाची पोच हातात पडली, तर ब्रिजिंग ओपन वर्क परमिट (पीआरचा निर्णय येईपर्यंत काम करू देणारं) मागता येतं. जुन्या अर्जाच्या आधारावर ते मागून ठेवलं असेल तर मात्र आधारच गेला, ते नाकारलं जाणार. निमंत्रणाच्या भरवशावर राहू नका. पीजीडब्ल्यूपी आयुष्यात एकदाच मिळतं, म्हणून एम्प्लॉयरशी एलएमआयएचं (या कामाला परदेशी माणूस लागतो अशी सरकारी मंजुरी, ती एम्प्लॉयर मागतो) आजच बोला. जाहिरातीलाच किमान ४ आठवडे जातात, आणि कमी पगाराच्या गटात असाल तर ६ टक्के किंवा जास्त बेरोजगारीच्या महानगरांत बहुतेक अर्ज घेतच नाहीत. कामचलाऊ फ्रेंच येत असेल तर क्युबेकबाहेर फ्रँकोफोन मोबिलिटीतून (फ्रेंच बोलणाऱ्यांसाठीची योजना) एलएमआयएशिवाय परमिट मिळू शकतं.

यातलं काही जुळलं तर नव्या परमिटचा अर्ज जुनं संपायच्या आत जाऊ द्या. मग निर्णयापर्यंत मेन्टेन्ड स्टेटसवर (जुनं परमिट संपलं तरी कायदेशीर दर्जा टिकतो) राहता येतं, जुन्याच अटींवर कामही करता येतं. परमिटऐवजी व्हिजिटर रेकॉर्ड (पाहुणा म्हणून राहण्याची परवानगी) मागितलंत तर जुनी तारीख उलटली की काम बंद. आणि एक फसगत नेहमीची: मेन्टेन्ड स्टेटसवर असताना दुसरा अर्ज टाकला आणि पहिला नाकारला गेला, तर दुसरा तुम्हाला वाचवत नाही. पहिला नाकारला त्या दिवसापासून तुम्ही स्टेटसबाहेर. म्हणून पहिलाच अर्ज भक्कम हवा.

स्टेटस गेलंच तर रिस्टोरेशनसाठी (स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज) ९० दिवस. त्या काळात काम अजिबात नाही, अगदी घरून दोन तासही नाही.

मानवतावादी आधारावरचा अर्ज अनेक जण सुचवतील. नुसता दाखल केल्याने ना स्टेटस मिळतं, ना रवानगी थांबते. जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवाल्यांसाठी: अपील डिव्हिजनकडे (इमिग्रेशनची अपिलं ऐकणारं मंडळ) ३० दिवसांत जायचा हक्क फॅमिली क्लासच्या अर्जाला आहे, इन-कॅनडा स्पाउस क्लासला नाही.

सल्लागार घेताना त्याचं नाव कॉलेजच्या (इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणारी संस्था) रजिस्टरमध्ये स्वतः शोधा. आरसीआयसी, म्हणजे असा परवानाधारक सल्लागार, फेडरल कोर्टात उभा राहू शकत नाही, तिथे वकीलच लागतो. आणि कधी डिपार्चर ऑर्डर (देश सोडण्याचा आदेश) हातात पडली तर ३० दिवसांत निघा, निघताना विमानतळावर सीबीएसएकडून (कॅनडाची सीमा यंत्रणा) प्रस्थानाचं प्रमाणपत्र घ्या. ते न घेता गेलात तर ऑर्डर डिपोर्टेशनमध्ये बदलते आणि परत यायला विशेष परवानगी लागते.