काडतुसं घरी पुन्हा भरताना (रीलोडिंग) पावडर मेजरने, म्हणजे बारूद मापून टाकणाऱ्या यंत्राने, टाकलेला प्रत्येक चार्ज (एका काडतुसापुरती पावडर) वजन करून बघायचा का?

बॉल पावडर असेल तर दर दहावा चार्ज तोलला तरी चालतं, पण काडीसारख्या लांब दाण्याची एक्स्ट्रूडेड पावडर असेल तर प्रत्येक चार्ज तोलाच. मेजर वजन मोजत नाही, आकारमान मोजतो. बारीक गोल दाणे पोकळीत दर वेळी जवळपास सारखेच बसतात; लांब दाणे आडवे अडकतात आणि ड्रम (मेजरचा पोकळी असलेला फिरता भाग) फिरवताना कापले जातात. हँडल कचकन अडकलं की तो चार्ज हॉपरमध्ये (मेजरवरच्या पावडरच्या डब्यात) परत ओता. अशी पावडर 0.2-0.3 ग्रेन कमी टाकून उरलेली तराजूवरच ट्रिकलरने (दाणे थोडे थोडे सोडणाऱ्या साधनाने) पुरी करायची.

1 ग्रेन म्हणजे जेमतेम 64.8 मिलिग्रॅम, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा आकडा हलतो. पंखा बंद ठेवा, डिजिटल तराजू आधी सुरू ठेवून तापू द्या आणि चेक वेटने (ठरावीक वजनाच्या मापाने) तपासा. हॉपर निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, चार्ज बदलतो.

पिस्तुलाच्या केसमध्ये (काडतुसाच्या रिकाम्या नळीत) चुकून दोनदा पडलेली पावडर दर दहाव्या तपासणीत सापडत नाही. बुलेट बसवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येक केसमध्ये बघाच.

हे सगळं अमेरिकेसारख्या, घरी रीलोडिंगला परवानगी असलेल्या ठिकाणासाठी; भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.