आधी दोरी, मग कानबान

कानबानची, म्हणजे लागेल तेवढाच माल मागवून साठा कमी ठेवायच्या पद्धतीची, कार्डं छापायची घाई करू नकोस. आधी नुमीचं उदाहरण समजून घे. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा फ्रिमाँट कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तिथे ‘नुमी’ या नावाने पुन्हा गाड्या बनू लागल्या. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच! पण आता अडचण दिसली की कुणीही मदत मागायला लाईनवरची दोरी ओढायची, आणि टीम लीडर मदतीला धावायचा, ओरडायला नाही.

साठा घटवला की चूक झाकायला जागा उरत नाही. जिथे बोलणी खायची भीती, तिथे माणसं जास्तीचे पार्ट लपवून ठेवतात; हे मी आपल्याकडे पाहिलंय. साहेबासमोर ‘जमत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून सुरुवातीला साठ्याला हात लावू नकोस. दोरी ओढणाऱ्याचं सगळ्यांदेखत कौतुक कर.