कपाळाच्या सायनसमधली हाडाची गाठ: काढायची की राहू द्यायची?

भावाच्या सीटीत कपाळाच्या सायनसमध्ये (हाडातल्या हवेच्या पोकळीत) १४ मिलिमीटरचा ऑस्टिओमा, म्हणजे हाडाची गाठ, दिसला, परभणीतले डॉक्टर म्हणतात राहू द्या, संभाजीनगरचे म्हणतात काढा, असं तुम्ही लिहिलंय. दोघंही बरोबर असू शकतात. आकड्यापेक्षा गाठ कुठे बसलीय ते बघा. सायनसचा नाकात उतरणारा निचरा तिने अडवला असेल तर आत म्युकोसील (शेंबडाने भरलेली फुगत जाणारी पिशवी) तयार होतो आणि डोळा पुढे ढकलला जातो. अशी गाठ लहान असली तरी काढावी. निचरा मोकळा आणि त्रास काहीच नसेल, तर वर्षाने पुन्हा सीटी पुरे. या गाठीचा कॅन्सर होत नाही, आणि वाढते तीही सहसा वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर. नुसतं डोकं दुखतं म्हणून काढायची घाई नको. दुखण्याचं कारण बऱ्याचदा दुसरंच निघतं.

नाकातून दुर्बिणीने निघते का? बहुतेक वेळा हो. गाठ दगडासारखी टणक असते, चिमट्यात धरून ओढता येत नाही. आधी सायनसचा खालचा मार्ग रुंद करतात. मग वाकड्या डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेल्या, ड्रिलच्या फिरत्या टोकाने) गाठ आतून पोखरत नेतात, पातळ कवच उरलं की ते आतल्या बाजूला मोडून काढतात. बरवर पाणी सतत सोडावं लागतं, नाहीतर हाड भाजतं आणि पुढे तोच मार्ग आकसतो. खरी जोखीम मागच्या भिंतीची: तिच्यापलीकडे लगेच मेंदूचं आवरण. मूळ तिथे असेल तर हिसका देण्यापेक्षा पातळ पापुद्रा ठेवून देणं शहाणपणाचं.

गाठ डोळ्याच्या वर बाहेरच्या बाजूला फार लांब गेली असेल, तर केसांच्या मागून कानापासून कानापर्यंत छेद घेऊन हाडाचं झाकण उघडतात. मग कपाळ काही महिने बधिर राहू शकतं. (भावाला टक्कल पडत असेल तर खूण दिसेल, हे आधीच बोलून घ्या.)

ऑपरेशननंतर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची. वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं, खारट काही ठिबकलं तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा.

सर्जनला विचारा: मूळ कोणत्या भिंतीला आहे, वाकडं ड्रिल आहे का, दुर्बिणीने नाही जमलं तर त्याच बैठकीत बाहेरून उघडणार का? आणि अशा गाठी एकापेक्षा जास्त असतील किंवा घरात कुणाला मोठ्या आतड्यात पॉलिप असतील, तर गार्डनर सिंड्रोमसाठी (आतड्यातल्या पॉलिपचा पुढे कॅन्सर होणारा आनुवंशिक आजार) कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्या. ते सायनसच्या गाठीपेक्षा जास्त गंभीर आहे.