मोटरहोममध्ये डिझेल भरताना रंगावर ओघळ येऊ नये म्हणून काय करावं?

‘गाडी पांढरी आहे, झाकणाखाली पिवळट ओघळ पडलाय’ ही तुमच्या प्रश्नातली ओळ वाचली आणि म्हटलं, याला उत्तर आपणच द्यायचं.

तर पंपावर ‘फुल कर’ म्हणू नका. लिटर सांगा. फडकी, रबर, वॅक्स हे सगळं त्यानंतरचं.

आम्ही इंदूरचे, सुदामानगरातले. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची राहायची गाडी करून घेतली. मागे दोन बर्थ, छोटा ओटा, पाण्याची टाकी. रंग सायीसारखा, कमरेला मरून पट्टा, आणि डिझेलच्या झाकणाच्या बरोबर खाली मुलीने काढलेला इंदूरचा राजवाडा, व्हिनाइलमध्ये कापून चिकटवलेला, सातही मजल्यांसकट. ती जागा मीच निवडली होती. शहाणपणा!

रंग होऊन आठ दिवस झाले आणि आम्ही धुळ्याला लग्नाला निघालो. बरोबर साडू. साडूंना गाडीचा ॲव्हरेज काढायचा भारी छंद, आणि त्यासाठी टाकी दर वेळी गळ्यापर्यंत भरलेली पाहिजे. राऊच्या पुढे एका पंपावर थांबलो. मी ५० लिटर म्हणणार, तेवढ्यात हे खिडकीतून ओरडले, “फुल करना, एकदम ऊपर तक.” नॉझल टक्‌ करून बंद पडलं. माझ्या लेखी विषय तिथेच संपला होता. पंपावरचा पोरगा म्हणाला, “भिया, राउंड कर दूँ?” ४,५०० ला २८ रुपये कमी होते. साडू खाली उतरले. “अहो, करू द्या त्याला. हा नुसता फेस आहे. अजून लिटर-दीड लिटर आरामात बसतं.”

फेस होता हे खरं. डिझेल जोरात पडलं की फेसाळतं. नॉझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, त्यातून हवा ओढली जात असते. फेस किंवा डिझेल तिथे पोचलं की हवा अडते आणि आतला पडदा खटका पाडतो. मग ही पोरं काय करतात, नॉझल अर्धं बाहेर ओढतात आणि थोडं थोडं सोडत राहतात. म्हणजे ते भोकही आता पार वर आलं. पुढचा खटका पडेल तेव्हा नळी काठोकाठ भरलेली असणार.

आमच्याकडे तो पडलाच नाही. तोंडाशी आधी फेसाचा एक फुगा आला, फुटला, आणि ओघळ राजवाड्याच्या सातव्या मजल्यावरून सावकाश खाली उतरायला लागला. पोराने खिशातून फडकं काढून खसाखसा पुसलं. त्याच फडक्याने तो सकाळपासून ट्रकच्या काचा पुसत असणार. डिझेल गेलं, रंगावर बारीक गोल ओरखडे राहिले. तिरप्या उन्हात आजही दिसतात.

एवढ्यावर भागलं नाही. महिना मे. जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल गार असतं, गाडीत येऊन तापतं आणि फुगतं. ७० लिटर डिझेल १५ अंशांनी तापलं तर पाऊण लिटरहून जास्तच वाढतं, आणि त्याला आत जागा नसेल तर ते बाहेरची वाट धरतं. वर मानपूरच्या घाटातली हिंदकळ. खलघाटला नर्मदेच्या पुलाआधी चहाला उतरलो तर ओघळावर धूळ बसून राजवाड्याला चक्क मिशी आली होती. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही, तेलकट थर मागे ठेवतं आणि तो धूळ धरतो. तुमचा पिवळटपणा बहुतेक हाच. धुळ्यात शिरलो तोवर तळमजल्याची सुरळी झाली होती.

साडू म्हणाले, “स्टिकर हलकं होतं. रंगही हलकाच मारलाय. डिझेलने काय होतंय?” हे वाक्य त्यानंतर मी चार लग्नांत आणि एका बारशात ऐकलं.

शेवटी भंगारातून ट्रॅव्हलरचं एक दार आणलं. त्याच पेंटरकडून त्यावर तोच रंग दोन ठिकाणी मारून घेतला, मधे सव्वा महिन्याचं अंतर ठेवून. ताजा पट्टा आठ दिवसांचा झाल्यावर दोन्हींवर डिझेलची चिंधी रात्रभर ठेवली. सकाळी भांड्यांच्या लिक्विडने धुतलं. जुना पट्टा कोरा करकरीत. ताज्याची चमक गेली होती, आणि नख दाबलं तर खूण उमटली. डिझेलने काय होतं ते हे.

साडूंनी फोटो पाहिला आणि लिहिलं, “म्हणजे आठ दिवसांत गाडी बाहेर काढणाऱ्याची चूक.” पेंटर महिनाभर थांबा म्हणाला होता, हेही खरं. पण ओतायला कोणी सांगितलं?

आता तुमचं. काटा पावावर आला की ठरवून लिटर सांगा, पहिल्या खटक्याला ‘बस’ म्हणा, राउंड फिगरचे सुटे पैसे खिशात ठेवा. ट्रकच्या मोठ्या नॉझलवर गाडी लावू नका. नॉझल काढताना टोक वर वळवून घ्यायला सांगा, नळीत राहिलेले चार थेंबच रंगावर पडतात. मी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून झाकणाच्या तोंडाखाली बाळाच्या लाळेऱ्यासारखा लटकवतो. सांडलंच तर कोरडं घासू नका. आधी टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्याने धुवा. त्या जागेचं वॅक्सही गेलेलं असतं, ते पुन्हा लावा.

ॲव्हरेजचं म्हणाल तर दर वेळी सपाट जागी, पहिल्या खटक्यापर्यंत भरा आणि तीन-चार वेळांचा मिळून काढा, निघतो. आमच्या साडूंनी त्या दिवशी राजवाड्यावर सांडलेलं डिझेलही इंजिनाने जाळलं असंच धरलं होतं.

एक राहिलं. गाडी बनवताना बाजूचं पॅनेल बाहेर आलं असेल तर भरायची नळी आणि टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी लांबवलेली असते. ती हवेची नळी कुठे चेपली असेल तर टाकी अर्धी असतानाही डिझेल उलटं येईल. मग माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी नळी दाखवून घ्या. आणि रंग झाकायची चुंबकवाली आवरणं घेऊ नका, बाजू फायबरची असेल तर चिकटत नाहीत.

दार अजून गच्चीवर उभं आहे. बायको रोज विचारते, भंगारात कधी देणार. साडू दिवाळीला येताहेत, तोवर राहू दे म्हटलं.