कसर लागते, कसर राहते

प्रश्न असा आहे: ठेवणीतली लोकरी शाल उलगडली तर तिला भोकं पडलेली, आणि घडीतून एक इवलासा पिवळट पतंग निसटला. कसर म्हणतात ती हीच का? आणि ‘कसर भरून काढणे’ यातली कसर तीच की वेगळी?

दुसरा भाग आधी घेतो, तो लवकर संपतो. उणीव या अर्थाची कसर अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली. अरबीत ‘कस्र’ म्हणजे मोडणं, तुकडा, अपूर्णांक. काटकसरीतली कसर याच घरातली. कीड कापड खाते, कापड उणं होतं, म्हणून दोन्ही शब्द एकच मानायचा मोह होतो. पण नुसता उच्चार जुळला म्हणून नातं लावू नये. दोन्ही स्त्रीलिंगी असल्यामुळे घोटाळ्यात भर पडते. बोलताना मात्र क्रियापद त्यांना चोख वेगळं ठेवतं. कीड ‘लागते’, उणीव ‘राहते’. ‘शालीला कसर लागली’ आणि ‘प्रयत्नांत कसर राहिली’ यांत कुणाचीच गफलत होत नाही.

खरी गंमत पहिल्या भागात आहे. कसर हे एकाच किड्याचं नाव नाही. पुस्तकाच्या पानांतून सुळकन पळणारा, चंदेरी खवल्यांचा, मागे तीन लांब केस असलेला किडा, त्यालाही आपण कसरच म्हणतो. त्याला जन्मात कधी पंख फुटत नाहीत. तो खळ, डिंक आणि कागदाचा पृष्ठभाग खरवडून खातो. लोकर खाणारी कसर म्हणजे वेगळ्याच कुळातल्या पतंगाची अळी. दोघांचं नातं दूरचं, पण मराठीने नाव ठेवलं ते नासाडीवरून. वाळवी लागते, गंज लागतो, तशी कसर लागते. खाणारा दिसत नाही, खाल्लेलं तेवढं दिसतं.

म्हणूनच, निसटलेला तो पतंग कसर का, याचं माझं उत्तर: घराणं तेच, पण शाल त्याने खाल्लेली नाही. पंख पसरून जेमतेम ९ ते १६ मिलिमीटर भरणाऱ्या या पतंगाची तोंडाची इंद्रियं कामाचीच नसतात. अळी असताना जे खाल्लं त्यावर तो काही आठवडे जगतो, जोडीदार शोधतो. मादी लोकरीच्या धाग्यांत चाळीस-पन्नास अंडी घालते आणि संपतं. खादाड असते ती अळी. (सुरवंट म्हणू नये, तो शब्द केसाळ अळीसाठी राखलेला बरा.) लोकर, पिसं, केस यांतलं केराटिन हे चिवट प्रथिन पचवणं फार थोड्या प्राण्यांना जमतं, तिला जमतं. धुतलेल्या सुती कापडावर तिचं पोट भरत नाही. घामाचे, खरकट्याचे डाग असलेल्या जागा ती हेरते. ऊब आणि अन्न मिळालं तर दोनेक महिन्यांत तिचा कोश होतो, नाही तर ती वर्षभर, कधी दोन वर्षंही रेंगाळते.

हिची एक बहीण रेशमात लोकरीचे तंतू गुंफून स्वतःभोवती नळी विणते आणि ती अंगावर घेऊन सरपटते. अशी एक नळी मी भिंगाखाली पाहिली आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्ही टोकांना उघडी, मधला पट्टा करडा आणि कडा लाल. अळी आधी करड्या लोकरीवर होती, मग लाल लोकरीवर आली. ज्या रंगाचं खाल्लं त्याच रंगाचं घर पुढे वाढवलं. आत वळायला एवढी ऐसपैस जागा की ती कधी या टोकाने डोकं काढते, कधी त्या.

राहता राहिला ‘पतंग’. संस्कृतात ‘पत्’ म्हणजे उडणं, त्यावरून पतंग. पक्षी आणि सूर्यही त्यात येतात. मराठीत पतंग म्हटलं की ज्योतीवर झेपावणारा डोळ्यांपुढे येतो. हा नेमका उलटा. दिवा लावला की घडीच्या आत पळतो, तोही बहुधा पायांनीच. मादी तर उडायचा कंटाळाच करते. तरी शास्त्राच्या दृष्टीने तो पतंगच, आणि ‘पाकोळी’ म्हणावं तर त्या नावाखाली पक्षीही येतात. मी ‘कसरीचा पतंग’ म्हणतो, आणि ‘कसर’ अळीसाठी ठेवतो. ‘कपाटातून कसर उडाली’ हे मला खटकतं. ‘कसरीने शाल खाल्ली’ हे अगदी बरोबर.