व्हार्निशच्या व्हीमॉडमधल्या टोकाच्या केसेस कशा तपासायच्या?

व्हीमॉड म्हणजे व्हार्निश या वेब-कॅशला जोडायचं मॉड्यूल. नेहमीच्या रिक्वेस्टला नीट चालणारा व्हीमॉड भलत्याच इनपुटला कोसळू नये, यासाठी व्हार्निशसोबतच येणारं व्हार्निशटेस्ट हे टेस्टिंगचं टूल पुरेसं आहे. खोटा सर्व्हर, खोटा क्लायंट आणि मधे खरा व्हार्निश, सगळं एका व्हीटीसी फाइलीत, म्हणजे टेस्टच्या स्क्रिप्टमध्ये, बसतं.

पहिली टेस्ट नसलेल्या हेडरची. तो स्ट्रिंग म्हणून दिला की तुमच्या सी फंक्शनला नल (कुठेच न दाखवणारा पॉइंटर) मिळतो. त्यावर न तपासता स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन) चालवलं की रिक्वेस्ट हाताळणारी व्हार्निशची चाइल्ड प्रोसेस कोसळलीच! हेडर आहे पण रिकामा, ही टेस्ट वेगळी लिहा.

मग वर्कस्पेस, म्हणजे रिक्वेस्टच्या कामासाठी राखलेली ठरावीक मेमरी, जी बहुतेकजण विसरतात. व्हीटीसी नावाच्याच व्हीमॉडमधल्या वर्कस्पेस-अलॉक फंक्शनला क्लायंट (कोणता वर्कस्पेस ते) आणि उणे 16 द्या. जेमतेम 16 बाइट उरतील, आणि अलोकेशन फसल्यावर तुमचा कोड काय करतो ते लगेच कळेल.

व्हीसीएल (व्हार्निशची कॉन्फिगरेशन) लोड करून मग डिस्कार्ड, म्हणजे काढून टाकूनही बघा.